नऊ नंबरची आई

मी, एर्सिलिया फेलिस कुएवास, कै. ओनेसिमो मातोस यांची पत्नी, वय वर्षे शहात्तर, धंदा रोपवाटिकेची देखरेख, सध्या निवृत्त, राहणार एल कुएर्नो, प्रांत बाराओना, हे मृत्युपत्र नोटरी एवारिस्तो उर्बाएस यांना चार साक्षीदारांसमोर तोंडी सांगून लिहवून घेत आहे. माझं हृदय थकलं आहे असं डॉक्टरांनी लेखी दिलं आहे. डोकं थकलेलं नाही हे मी स्वतः सांगते. ज्याला शंका असेल त्याने मला रोपवाटिकेतल्या कुठल्याही झाडाचा नंबर विचारून पाहावा. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तीस वर्षांपूर्वी कोणी आणला असता तर बरं झालं असतं, पण तेव्हा कोणी आणला नाही.

नोटरीसाहेबांचं म्हणणं असं की मृत्युपत्रात कोणाला काय द्यायचं तेवढंच असावं. माझ्यापाशी द्यायला थोडंच आहे. कबूल करायला मात्र एक गोष्ट आहे आणि तिच्यावर सहा बागांचं तीस वर्षांचं काम उभं आहे. ती कबूल केल्याशिवाय मला मरता येत नाही. तेव्हा मी सांगेन तसं लिहा, मधलं काही गाळू नका, असं मी त्यांना सांगितलं आहे आणि ते मान हलवत लिहीत आहेत.

कलम १. घर

सदर घर सिमेंटच्या ठोकळ्यांचं, वर पत्रा, तीन खोल्या, मागे मोरी आणि पाण्याची टाकी. चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस रस्ता, दक्षिणेस बिएनवेनिदोचं किराणा दुकान, पश्चिमेस ओढ्याची घळ, उत्तरेस माझी नणंद प्राक्सेदेस मातोस हिचं अंगण आणि मध्ये भिंत. भिंत माझी आहे. ओनेसिमो गेल्यावर नऊ दिवसांच्या प्रार्थना झाल्या. शेवटच्या दिवशी सगळ्या बायकांसमोर प्राक्सेदेस मला म्हणाली, "तूच पाठवलंस त्याला वर." दुसऱ्या दिवशी मी ठोकळे मागवले. त्यानंतर आम्ही दोघींनी एकमेकींचे खोकले ऐकले, कोंबड्या ऐकल्या, पण बोललो नाही.

आम्हाला मूलबाळ नाही. घर मी रोपवाटिकेला देते. तिथे जो कोणी काम करील त्याने त्यात राहावं. एकच अट आहे, ती कलम ६ मध्ये येईल.

कलम २. हत्यारं आणि किरकोळ सामान

ओनेसिमोचा दोर, कमरेचा पट्टा आणि लांब बांबूला बांधलेला कोयता रोपवाटिकेला. दोर जुना आहे, त्याने कोणी चढू नये, नुसता टांगून ठेवावा. कॉफी कुटायचा लाकडी उखळ चर्चच्या स्वयंपाकघराला.

माझा माचेते, म्हणजे झाडी तोडायचा लांब सुरा, बिएनवेनिदोला. तो नाहीतरी वर्षातले दहा महिने त्याच्याकडेच असतो. बिएनवेनिदो आज साक्षीदार म्हणून स्वच्छ सदरा घालून आला होता. हे कलम ऐकल्यावर नोटरीसाहेबांनी त्याला सांगितलं की ज्याला या कागदाने काही मिळतं त्याला या कागदावर साक्षीदार म्हणून सही करता येत नाही, दोन्हींतलं एक निवड. त्याने क्षणभरही विचार न करता माचेते निवडला आणि दुकान उघडायला गेला. त्याच्या जागी शाळेतल्या बाई आल्या आहेत. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, शेवटी लागणार आहे.

कलम ३. नोंदवही

हिरव्या कापडाच्या बांधणीची नोंदवही, १९८९ पासूनची, मी राजधानीतल्या बागेच्या वनस्पतिशास्त्रज्ञ दोक्तोरा नुरिस पेराल्ता यांना देते. तिच्यातली काही पानं खोटी आहेत. ती कोणती, ते सांगते.

आमच्या कुएर्नो डोंगराच्या कड्यावर काळा गुआनो नावाचा ताड होत असे. पान पंख्यासारखं, आणि उलटं धरलं की तांब्याच्या भांड्याचा रंग. जगात दुसरीकडे कुठे नाही. त्या वर्षी दोक्तोरा पहिल्यांदा आल्या तेव्हा मोजले तर चौदा भरले. तीन खाली पायवाटेच्या वळणावर, अकरा वर कड्याच्या तोंडाशी. खाली चुनखडीच्या खाणीचं माप घेणं सुरू झालं होतं. दोक्तोरांनी सहा बागांची बोलणी केली. आमची रोपवाटिका, राजधानीतली बाग, शिवाय क्यूबा, पोर्तो रिको, जमैका आणि फ्लोरिडा इथली एकेक. एका बागेत वादळ आलं, कीड आली, आग लागली तरी दुसरीत झाड राहील, अशी ती व्यवस्था होती. तिचा नियम एकच होता. प्रत्येक झाड म्हणजे एक आई. प्रत्येक आईच्या बिया वेगळ्या पिशवीत, वेगळ्या नंबराने, आणि प्रत्येक आईची सारखीच लेकरं प्रत्येक बागेत.

चढायचं काम माझ्या नवऱ्याचं. एल कुएर्नोमध्ये त्याच्यासारखा चढणारा नव्हता. सार्डिनच्या डब्याचा पत्रा कापून, खिळ्याने भोकं पाडून तो नंबर तयार करायचा आणि प्रत्येक पिशवीला बांधायचा. अकरा आयांच्या बिया तो वरून उतरवून आणायचा तेव्हा गुडघे सोलवटलेले असत आणि तोंडात गाणं असे.

माझ्या हातून जे झालं ते असं. माझे वडील कॉफीची रोपं करायचे. त्यांनी मला शिकवलं की अशक्त रोप ओळखायचं आणि उपटायचं, त्यात दयामाया करायची नाही. हात त्यातच तयार झाले. दोक्तोरा मला म्हणायच्या, "दोन्या एर्सिलिया, इथे चांगलं रोप आणि वाईट रोप असं काही नसतं. वाकडं आलं तरी ठेवायचं. उशिरा आलं तर थांबायचं." मी हो हो म्हणायचे. पण रोपवाटिकेत वाढलेल्या बाईला रिकामं वाफ्याचं खोकं बघवत नाही, हे त्यांना कळलं नाही आणि मलाही तेव्हा कळलं नाही.

खालच्या तीन आयांच्या बिया चौथ्या महिन्यात उगवल्या. वरच्या अकरांची खोकी आठ महिने काळी, उघडी बसली होती. मी ठरवलं की मेल्या. जुलैमध्ये एका सकाळी मी ती अकराही खोकी नेहमीच्या ढिगावर रिकामी केली. आमचा मातीचा ढीग तेव्हा प्राक्सेदेसच्या अंगणाच्या तळाशी, घळीच्या काठावर असे, कारण भिंत नव्हती. रिकामी खोकी घेऊन परत आले आणि मग माझ्या लक्षात आलं की ओनेसिमोला सांगावं लागेल. अकरा झाडं, अकरा वेळा जीव धोक्यात घालून आणलेल्या बिया, आणि मी त्या ओतून दिल्या. त्याला तोंड दाखवायचं धाडस मला झालं नाही.

तीन नंबरच्या आईला पोती भरून फळं यायची आणि तिची रोपं गवतासारखी दाट उगवली होती. ती मी उपटून अकरा खोक्यांत लावली. पत्र्याचे नंबर जिथल्या तिथे राहू दिले. चार, पाच, सहा, थेट चौदापर्यंत. वहीत लिहिलं, उगवण उत्तम. पुढच्या वर्षी ती रोपं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून सहा बागांना गेली.

म्हणून मी आज लिहून देते की चार ते चौदा हे नंबर खोटे आहेत. ती सगळी तीन नंबरची लेकरं आहेत. सहा बागांत मिळून आज दोनशे सात झाडं उभी आहेत. कागदावर त्यांच्या चौदा आया आहेत, खऱ्या तीनच.

कलम ४. त्या नोव्हेंबरबद्दल

१९९३ साली क्यूबाहून पत्र आलं. नऊ नंबरची रोपं सगळ्यांत जोमदार आहेत, आणखी बिया मिळतील का. जोमदार असणारच. दोन वर्षं ओनेसिमो दर हंगामात वर जातो म्हणायचा आणि मी काही ना काही कारण काढून त्याला थांबवायचे. कधी पाऊस, कधी त्याची पाठ, कधी माझं डोकं. पत्र आल्यावर माझ्यापाशी कारण उरलं नाही. खरं कारण एकच होतं, आणि ते तोंडातून काढायला एक वाक्य पुरलं असतं.

नऊ नंबर कड्यावरून बाहेर वाकलेला होता, तो सगळ्यांत अवघड. सकाळी मी त्याला उकडलेली हिरवी केळी आणि सलामीचे तुकडे डब्यात भरून दिले. तो म्हणाला, "एवढं कशाला, दुपारी परत येतो." मी म्हणाले, "असू दे." त्या दिवशी मी जे बोलायला हवं होतं त्याऐवजी एवढंच बोलले. दुपारी त्याला खाणीच्या चार माणसांनी उखडलेल्या दाराच्या फळीवर घालून खाली आणलं.

पुढे खाणीने कडाच खाल्ला. २००६ साली शेवटचा सुरुंग उडाला तेव्हा माझ्या स्वयंपाकघरातल्या बशा हलल्या. त्यानंतर काळा गुआनो जगात फक्त आमच्या सहा बागांतच, म्हणजे माझ्या खोट्या वहीच्या भरवशावर उरला.

गेल्या वर्षी दोक्तोरा नुरिस यांचं पत्र आलं. झाडं आता फुलतात. तीन हंगाम त्यांनी क्यूबाच्या नऊ नंबरचे पराग जमैकाच्या चार नंबरवर घातले, फ्लोरिडाचे राजधानीत आणले, डबीत बर्फ घालून विमानाने पाठवले. बिया धरतात, पण कापून बघावं तर पोकळ. त्यांनी लिहिलं होतं, "आया वेगळ्या असून असं का होतंय ते आम्हाला कळत नाही. तुम्हाला काही आठवतं का?" ते पत्र मी उशीखाली ठेवलं. माझ्या आयुष्यात एवढ्या सभ्य भाषेत कोणी मला सुळावर दिलं नव्हतं. नोटरीसाहेब म्हणतात हे वाक्य मृत्युपत्रात शोभत नाही. ते राहू द्यावं.

माझ्या चुकीपायी एक माणूस गेला आणि आता एक झाडही चाललं आहे. हे मी कोणालाही न सांगता मरायचं ठरवलं होतं. तेही लिहून ठेवा.

कलम ५. झाडूबद्दल

यंदाच्या जानेवारीत बिएनवेनिदोच्या दुकानातून झाडू घेतला. गुआनोच्या पानांचा, हाताने बांधलेला. अंगण झाडता झाडता एक पाती निसटली, ती उचलली आणि उलटी केली. तांब्याचा रंग.

मी तशीच पायरीवर बसले. रोपवाटिकेतल्या झाडांना कोणी हात लावत नाही, पात्या मोजलेल्या असतात. कडा जाऊन अठरा वर्षं झाली. बिएनवेनिदोला विचारलं, झाडू कोण देतं. तो म्हणाला, कोण म्हणजे, तुमची नणंद, तीस वर्षं तीच देते, तुम्ही प्लास्टिकचा घेत होता म्हणून तुम्हाला माहीत नाही.

मी पुढच्या रस्त्याने जाऊन प्राक्सेदेसचं दार वाजवलं. ती आता एकोणऐंशीची आहे. दार उघडून ती म्हणाली, "भिंतीला दार ठेवायला विसरलीस ना. म्हणून हा वळसा."

मी तिला उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ढीग, खोकी, तीन नंबर, पत्र, डबा. झाडूचं विचारायला गेले होते, पण तोंड उघडल्यावर आधी हेच बाहेर आलं. तिने कॉफी केली, माझ्यासमोर ठेवली, मी पिईपर्यंत थांबली आणि मग मला अंगणाच्या तळाशी घेऊन गेली. आंब्याच्या दोन जुन्या झाडांमागे, जिथे आमचा ढीग होता, तिथे दहा काळे गुआनो उभे होते. डोक्याहून उंच. दोन वाकडे, एक खुरटा, आणि सगळ्यांवर फळांचे घोस.

माझ्या बिया मेल्या नव्हत्या. कड्यावरच्या थंड वाऱ्यातल्या आया त्या, त्यांना चौदा महिने लागतात. मी आठ महिन्यांत कंटाळले.

"नऊ झाडं तुझ्या ढिगातली," प्राक्सेदेस म्हणाली. "दहावं त्याचं."

"कोणाचं?"

तिने दहाव्याच्या बुंध्याशी वाकून माती बाजूला केली. गंजलेला पत्रा, खिळ्याच्या भोकांनी पाडलेला नऊ.

"त्याच्या कमरेला पिशवी होती. अंघोळ घालताना मी काढून घेतली. तुला नाही दिली, तेव्हा देणारही नव्हते. इथे पेरली. बाकीची शेळ्यांनी खाल्ली, हे एक राहिलं." मग ती आंब्याला हात टेकून म्हणाली, "त्याला माहीत होतं, वहिनी."

"काय माहीत होतं?"

"सगळं. ढिगावर कोंब आले तेव्हाच त्याने ओळखले. इथेच उकिडवा बसला होता. मला म्हणाला, एर्सिलियाला बोलू नकोस, लाजेल बिचारी. ढिगात सगळ्या आया मिसळल्यात, आता कोणाची कोण ते कळायचं नाही. मी दरवर्षी एक-दोन आयांच्या बिया परत उतरवून आणतो, म्हणजे तिने लिहिलंय ते खरं होईल. आईची शपथ घातली मला."

"आणि तू तीस वर्षं गप्प बसलीस?"

"तू आपणहून बोललीस की मी सुटणार होते. रोज वाट बघितली. तू भिंत बांधलीस."

तो मेला तो माझा खोटा नंबर खरा करताना. दर हंगामात मी त्याला थांबवत होते, तो सगळं ठाऊक असल्याचं मला दिसू न देता थांबत होता. आम्ही दोघं एकाच ताटलीत जेवत होतो, एकाच पलंगावर निजत होतो, दोघांना एकच गोष्ट ठाऊक होती आणि दोघंही दुसऱ्याला लाज वाटू नये म्हणून ती गिळून बसलो. मला हे सहन होत नाही. मृत्युपत्रात असं लिहितात की नाही मला माहीत नाही, पण मला हे सहन होत नाही.

कलम ६. बियांची वाटणी

ती दहा झाडं प्राक्सेदेसच्या जमिनीत आहेत, ती माझी नाहीत आणि मला कोणाला देता येत नाहीत. तिने तोंडी संमती दिली आहे की बागांनी दरवर्षी फळं न्यावीत, झाडूपुरती पानं तिला ठेवावीत. मी फक्त वाटणी सांगते. प्रत्येक झाडाच्या बिया वेगळ्या पिशवीत. खुरट्याच्याही तेवढ्याच, वाकड्यांच्याही तेवढ्याच. सहाही बागांना सारख्या. नऊ झाडांच्या आया कोणत्या ते दोक्तोरांनी पानं तपासून ठरवावं. दहावं झाड नऊ नंबरचं आहे, ते तपासायची गरज नाही, पण त्यांना तपासायचं असेल तर तपासू दे, मला राग नाही.

कलम १ मधली अट ही: माझ्या घरात जो राहील त्याने कुठलंही खोकं दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत रिकामं करू नये. मनाला कितीही वाटलं तरी करू नये.

कलम ७. भिंत

भिंत माझ्या मरणाची वाट न बघता पाडावी. गवंड्याला सोमवारी बोलावलं आहे. भिंतीखालची आणि लगतची दोन मीटर पट्टी, रस्त्यापासून घळीपर्यंत, मी माझी नणंद प्राक्सेदेस मातोस हिला देते.

वरील शेवटचं वाक्य खोडलं आहे. ते का खोडलं ते नोटरीसाहेबांनी इथेच लिहावं, अशी माझी विनंती आहे.

हे कलम वाचून दाखवल्यावर दोक्तोरा नुरिस यांनी, ज्या आज राजधानीहून आल्या आहेत आणि वही मिळणार असल्यामुळे साक्षीदार नाहीत, एक अडचण सांगितली. मी सगळं सांगितल्यापासून त्या माझ्यावर एकदाही ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या की बिया कुठल्या झाडाच्या, ते झाड कुठून आलं, हे ज्याने पाहिलं त्याची सही नसेल तर कुठलीच बाग त्या घेत नाही. नाहीतर ते कोणाच्या तरी अंगणातले झाडूचे ताड ठरतात. माझ्या सहीवर तर आता कोणी विश्वास ठेवू नये, हे मीच म्हणते. कोंब पाहिलेला, पिशवी काढून घेतलेला, ती पेरलेला जिवंत माणूस एकच आहे.

नोटरीसाहेबांनी प्राक्सेदेसला समजावलं की तिने सही केली तर पट्टी मिळणार नाही, ठोकळेसुद्धा नाहीत. बाहेरून, दुकानाच्या दारातून, बिएनवेनिदो म्हणाला की जमीन घे, सही काय कोणीही करील.

प्राक्सेदेस म्हणाली, "गप बस तू. तुझं माचेतेपुरतं आहे." मग नोटरीसाहेबांकडे वळून म्हणाली, "जमीन खोडा. माझा भाऊ काय बोलला ते ऐकलेलं दुसरं कोणी नाही. मला सही करायची आहे."

म्हणून पट्टी रोपवाटिकेला.

कलम ८. माझं

मला ओनेसिमोशेजारी पुरावं. क्रुसावर त्याच्या नावाखाली जागा आहे. माझ्या बाजूला नऊ नंबरचं एक रोप लावावं, जे सगळ्यांत उशिरा उगवेल ते. त्याला पत्र्याचा नंबर लावावा आणि तो खिळ्याने भोकं पाडून केलेला असावा.

याउपर माझी स्थावर-जंगम काहीही मिळकत नाही. हे सर्व मला वाचून दाखवलं, मी ऐकलं, बरोबर आहे.

ठिकाण: एल कुएर्नो, प्रांत बाराओना. दिनांक: १४ मार्च २०२४, सकाळी साडेदहा.

एर्सिलिया फेलिस कुएवास, मृत्युपत्र करणार

नोटरी: एवारिस्तो उर्बाएस

साक्षीदार:

१. फ्लेरिदा नोवास, शिक्षिका, एल कुएर्नो प्राथमिक शाळा

२. अमाब्ले पेरेस, निवृत्त टपाल कर्मचारी

३. सोईलो कारास्को, गवंडी

४. प्राक्सेदेस मातोस, झाडू बांधणारी. सहीखाली तिने नोटरीसाहेबांना थांबवून स्वतःच्या हाताने, सावकाश, पुढील ओळ लिहिली, ती जशीच्या तशी ठेवली आहे:

नऊ नंबर खरा आहे. माझ्या भावाने आणला. मी पाहिला.